वळणावर गळणारे शब्द

दोरसाफ धावत आली ती थेट शिडीवरच आदळली. शिडीवरील तरुण कसाबसा सावरला. मात्र त्याच्या डाव्या कानामागे खोवलेला जाईचा गुच्छ तिच्या पायांशी पडला.

"शिडी बाजूला घ्या! बाळ निळं पडतंय!"

बाळ वाचले. परंतु बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीने दिलेली धोक्याची सूचना दोरसाफच्या खिशातील फोनवर तब्बल अकरा सेकंद उशिराने पोहोचली होती. सफाक्स शहरातील त्या रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात सकाळच्या पाळीला ती एकटीच परिचारिका असे. दर दोन तासांनी दूध आणण्यास तिला लांबच्या खोलीत जावेच लागे, आणि तेवढा वेळ तिचा सारा जीव त्या फोनमध्ये असे.

"चूक माझीच आहे," शिडीवरून उतरत तो म्हणाला. त्याचे नाव लसाद. छतावरील वायफायचे पाचही डबे त्यानेच बसविले होते. "पाचही डब्यांचं नाव एकच. तुम्ही चालत पुढे गेलात, की फोननं मागचा डबा सोडून पुढचा धरायचा. पण मी सगळ्यांचा जोर पूर्ण ठेवला... वाटलं, जितका जास्त तितकं बरं. वळणावरच्या क्ष-किरण खोलीच्या भिंतीत शिसं आहे, त्यातून लहरी जात नाहीत. वळणापलीकडे कक्षातला डबा जेमतेम ऐकू येतो, तरी फोन त्यालाच चिकटून बसतो — पुढचा डबा डोक्यावर असताना!"

"माझ्या आत्यासारखा," दोरसाफ म्हणाली. "लग्नाला वीस वर्षं झाली, अजून हरिसाची तिखट चटणी माहेरचीच नेते. मग आता?"

"प्रत्येकाचा जोर थोडा थोडा कमी करायचा."

"कमी? अहो लसाद, इथं माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही कमी करताय?"

"मागचा वेळेवर क्षीण झाला, तरच फोन त्याला सोडेल."

तीन दिवस जोर थोडा थोडा घटवत चाचणी चालली. दोरसाफ पेटीजवळ बसून फोन कानाला लावी. लसाद दुसऱ्या फोनवर बोलत दुधाच्या खोलीकडे चाले आणि पावलागणिक आकडे मोजी. जो आकडा गळेल तो तिने सांगायचा. पहिल्या दिवशी छत्तीस ते एक्केचाळीस गळाले. दुसऱ्या दिवशी सदतीस, अडतीस. प्रत्येक गळालेल्या आकड्यासरशी तिचा हात काचेवर घट्ट होई. दूध आणण्यास ती धावतच जाई, धावतच येई.

"आज फूल नाही?" तिसऱ्या दिवशी तिने फोनवर विचारले.

"तुम्हीच म्हणालात ना, बाळांजवळ फुलं नकोत."

"इतकं ऐकता माझं?... चला, मोजा."

तो चालू लागला. आज जमले तर उद्या येथे येण्याचे कारण उरणार नव्हते. न जमले तर एखादे बाळ... दोन्ही भये बरोबर घेऊन तो मोजत होता. "...चौतीस, पस्तीस..." वळण आले. येथे उच्चारलेले येथेच विरते, हे त्याला ठाऊक होते. तो अगदी हळू म्हणाला, "दोरसाफ, उद्यापासून तुझा आवाज कानी पडणार नाही, ह्याची फार भीती वाटते गं मला..." आणि लगेच, "एक्केचाळीस, बेचाळीस..."

साठाव्या पावलावर तो दुधाच्या खोलीशी थांबला. फोनमध्ये केवळ पेटीची टिकटिक.

"हॅलो?... गळलं का काही?"

 त्याने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"एकही शब्द गळला नाही," अखेर ती म्हणाली. "छत्तीस ते चाळीस मात्र तू मोजलेच नाहीस."

भिंतीला टेकून त्याने डोळे मिटले.

"आता तिथंच थांब. मी दूध न्यायला येतेय. आणि उद्या दवाखान्याच्या दारात उभा राहशील, तेव्हा फूल उजव्या कानामागे लाव. डावीकडचं बघून लोकांना वाटतं, तुला अजून कोणी नाही."

काही वेळाने वळणावर तिची पावले ऐकू आली. भय तिच्या मुखावर अद्याप होते, फोन छातीशी घट्ट धरलेला होता. पण ती धावत नव्हती. चालत येत होती.