दर ट्रायलला नवी कंबर

"पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणत जो दुकानात शिरतो, त्याचं काम पाच मिनिटांचं कधीच नसतं. हा तर वाऱ्याबरोबरच आत आला. दार त्याच्या हातून सुटून भिंतीवर आपटलं, कापायच्या मेजावरचे कागदी नमुने भुर्रकन उडाले, आणि एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात काळा कोट अशा अवस्थेत तो ते पकडायला धावला. एकही हाती लागला नाही.

"सॉरी... समोरच्या हॉलमध्ये आमची तालीम चालू आहे. बाही उसवलीय. पाच मिनिटांचं—"

"द्या इकडे."

कोट काखेत वीतभर गेला होता. उसवला नव्हता, चक्क फाटला होता.

"हा तुमचाच?"

"का? चोरलेला वाटतो?"

"वडिलांचा वाटतो. यात तुमच्यासारखे दीड मावतील."

"तो दीड मीच होतो हो," तो हसत म्हणाला. "आता एक उरलोय."

त्याची ताई नर्स. तिने त्याला कीटोवर घातलं होतं. साखर, पाव, भात, बटाटा, सगळ्यांशी कट्टी. अंडी, चीज, लोणी आणि पालेभाज्यांशी दोस्ती. माणूस आटला, पण कोट तेवढाच राहिला. शिवाय वाजवायला हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत चढायचा, कारण शिवणाऱ्याने मुंढा खाली कापला होता. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई. ती नीट बसली नाही तर बाकीचा कोट कितीही देखणा असो, उपयोग शून्य.

"हा शिवून देईन, पण पुढच्या तालमीत परत फाटेल," मी म्हटलं. "नवा शिवा."

"कार्यक्रम जवळ आलाय. होईल?"

"होईल," मी म्हणून बसले.

दुकान आत्याचं. त्या दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, नाहीतर अशी ऑर्डर परस्पर घ्यायची माझी काय बिशाद! शाळा सुटल्यापासून मी तिच्याकडे काज-बटण आणि अस्तरं करत आले होते. कापायची कैची मात्र तिच्या हातात.

संध्याकाळी गाल सुजवून ती परत आली आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

"बरं," ती म्हणाली. "काळ्या कापडावरचा काळा धागा मला आता दिसत नाही. हा कोट तू एकटीने काप. मी बोटसुद्धा लावणार नाही. बसला, तर कापायचं मेज तुझं. नाही बसला, तर तो बाजारातला मास्टर यायला एका पायावर तयार आहे. त्याला ठेवते."

"आणि मी?"

"बटणं कोण लावणार मग?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने की भीतीने, कुणास ठाऊक.

माप घ्यायला तो आला तेव्हा मी जरा जास्तच मास्टरीण झाले होते. गळ्यात टेप, कानामागे खडू.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. टेपला कळतं."

"टेपला कळतं की तुम्हाला?"

टेप त्याच्या कमरेभोवती नेताना माझ्या नाकाला त्याच्या शर्टाचा वास लागला, साबणाचा आणि व्हायोलिनच्या गजाला लावतात त्या राळेचा. मी आकडा दोनदा वाचला. कामात मी पक्की आहे, म्हणून दोनदा वाचला... असं मी स्वतःला सांगितलं.

"आता वाजवताना उभे राहता तसे उभे राहा."

त्याने नसलेलं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि नसलेला गज फिरवू लागला. मी मुंढ्याचं माप घेत होते.

"काय वाजवताय?"

"ऐकू येत नाहीये?"

"नाही."

"मग बरंय. बेसूर चाललंय. तुम्ही एवढ्या जवळ उभ्या आहात ना—"

"हात खाली करा," मी म्हटलं. कान तापले होते, पण त्याची पाठ माझ्याकडे होती, म्हणून निभावलं.

पहिल्या ट्रायलला कोट कच्च्या टाक्यांवर होता. खांदे सुरेख बसले, मुंढा तर असा की मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मग मी पुढचं बटण लावायला गेले आणि... लागेचना. पोटावर कोट ताणून बसला होता.

"श्वास सोडा," मी पुटपुटले.

"या वेळी खरंच सोडलाय."

आत्या खुर्चीतून चष्म्यावरून बघत होती. मी शिलाई उसवली आणि आत राखलेली माया, म्हणजे असल्या प्रसंगासाठी शिलाईत दडवलेलं जास्तीचं कापड, बाहेर काढली. कोट कमरेला सैल केला आणि त्याला चार दिवसांनी बोलावलं.

चार दिवसांनी तोच कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबला.

"अगं, तुझी टेप रबराची आहे का?" आत्या म्हणाली.

"टेपमध्येच काहीतरी गडबड असेल."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

तो मध्ये काहीतरी बोलायला गेला. "काकू, कदाचित—"

"तुम्ही बसा. चहा घ्या," आत्या म्हणाली. "बिनसाखरेचा केलाय."

तो चहा घेत बसला आणि मी टाचण्या लावत त्याच्याभोवती फिरत राहिले. त्याने मला विचारलं, दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत का. कुणी विचारलं नव्हतं आजवर. मी म्हटलं, दुखतात. तो म्हणाला, त्याचीही मान दुखते, डावीकडे. मग आम्ही मान आणि पाय या विषयावर इतका वेळ बोललो की चहा निवून गेला. जाताना दारात थांबून त्याने विचारलं, "म्हणजे... परत यावं लागेल?"

"लागेल."

"अरेरे," तो म्हणाला. इतका आनंदी अरेरे मी जन्मात ऐकला नव्हता. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती, पण मी आपली गुंतलेय कमरेत.

तिसऱ्या ट्रायलला कोट परत घट्ट.

मी बटण ओढलं. मग सोडलं. कोट दोनदा उसवला होता आणि कापडावर सुईची भोकं उठायला लागली होती. आणखी एकदा उसवणं फार तर झेपलं असतं, त्यापुढे ते कापड चाळणी झालं असतं.

आत्या उठली. तिने कमरेवर हात फिरवला, शिवण चिमटीत धरली, सोडली.

"राहू दे, पोरी," ती म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. "सोमवारी त्या मास्टरला बोलावते. तुझी बोटं छान आहेत. पण कापणं म्हणजे अंदाज, आणि तो तुला अजून नाही. मेज त्याला देऊ. तू बटणं बघ."

मी मान खाली घातली. जमिनीवरचा खडूचा तुकडा मला धूसर दिसायला लागला.

"कुठलं मेज?" त्याने विचारलं. "काकू, कुठलं मेज?"

आत्याने सांगितलं. दोन वाक्यांत, सरळ. ऐकताना त्याचा चेहरा असा उतरला की कोट घट्ट होता, पण माणूस ढगळ दिसायला लागला.

"माप बरोबर आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून बरोबर आहे. मी काल पाव खाल्ला."

"काय?"

"पाव. आणि उकडलेले बटाटे. वर केक." तो खाली बघून बोलत होता. "पहिल्या ट्रायलच्या आदल्या दिवशी मित्राचा वाढदिवस होता, तेव्हा नकळत झालं. सकाळी काट्यावर दीड किलो जास्त! मी ताईला फोन केला. ती म्हणाली, घाबरू नकोस, ती चरबी नाही, पाणी आहे. कीटोत अंगातला साखरेचा साठा रिकामा झालेला असतो. पाव-बटाटा खाल्ला की तो भरतो आणि भरताना आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो. म्हणून पोट, कंबर, सगळं टरारतं. परत बंद केलं की दोन-चार दिवसांत उतरतं."

"मग दुसऱ्या वेळी?" मी विचारलं.

"दुसऱ्या वेळी काहीच खाल्लं नव्हतं. पाणी उतरलं होतं, कोट सैल झाला, आणि तुम्ही म्हणालात परत या..." तो थांबला. "तेव्हा वाटलं, कोट बसला तर मी इथे कशाला येणार? म्हणून काल... मुद्दाम. खरं सांगतो, दुसऱ्या प्लेटला कंटाळा आला होता, तरी खाल्ली."

आत्याने चष्मा काढला.

"साखरेचं खाणार त्याला देव देणार, म्हणतात," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही देवाकडे माझी भाचीच मागितलेली दिसतेय."

तो लाल झाला. मी नाही झाले. मी पेटले होते.

"तुम्हाला गंमत वाटली?" मी म्हटलं. "मी इथे रडकुंडीला आलेय, माझं सगळं या एका कोटावर आहे, आणि तुम्ही पाव हाणताय?"

"मला माहीत नव्हतं, शपथ—"

"विचारायचं होतं! दोन शब्द बोलून विचारायचं होतं, फिरायला येता का म्हणून. तोंडात काय पावच होता?"

"भीती वाटली," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

मी त्याच्या अंगातला कोट काढून घेतला आणि दार उघडून धरलं.

"शुक्रवारी या. तोवर पावाच्या दुकानावरून जायचं झालं तरी रस्ता बदला."

तो गेल्यावर आत्या म्हणाली, "पाण्याने कोट तंग होतो म्हणे. सबबी ऐकून ऐकून केस पांढरे झाले माझे. आधी परत माप घ्यायचंस."

"नाही. पहिल्या मापावरच शिवणार."

"चुकलं तर?"

"तर सोमवारी मीच त्या मास्टरला चहा करून देईन."

शेवटचं उसवलं, पहिल्या खुणांवर पक्की शिलाई मारली, ओला कपडा ठेवून इस्त्री फिरवली, ब्रशने भोकं बुजवली. तो खरं बोलला असेल तर कोट बसणार होता. म्हणजे मी माझं मेज एका अशा माणसाच्या शब्दावर ठेवलं होतं, ज्याने मला आत्ताच फसवलं होतं. आणि तरी माझा त्याच्यावर विश्वास होता, हेच मला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

शुक्रवारी तो आला. तीन दिवस फक्त अंडी आणि पालक, असं तोंडावर लिहिलं होतं. बटण लावलं. लागलं, अगदी अलगद. मी सुटकेचा श्वास सोडला तो त्याच्या कॉलरवर.

"अजून रागावलाय?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"किती?"

"हलू नका, दोरा तोडतेय."

आत्याने पुढून बघितलं, मागून बघितलं. "आरशासमोर सगळेच कोट बसतात. उद्या स्टेजवर हात हलतील तेव्हा बघू," असं म्हणून ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलो. लोक संगीत ऐकत होते. मी त्याच्या काखेकडे बघत होते. त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, कोपर वर गेलं... कॉलर मानेवरून हलली नाही. पुढे वादन जलद झालं, गज वर-खाली नुसता पळत होता, आणि कोट त्याच्याबरोबर हलत होता, त्याला कुठेही धरत नव्हता. आत्याने माझं मनगट घट्ट पकडलं.

"बसलाय गं," ती कानात म्हणाली. "बाई गं, काय बसलाय!" आणि थोड्या वेळाने, "सोमवारी येऊ नको म्हणून सांगते त्या मास्टरला."

तेव्हा कुठे मी वर बघितलं, त्याच्या चेहऱ्याकडे. डोळे मिटून वाजवत होता. किती छान वाजवत होता! इतका वेळ मला ऐकूच आलं नव्हतं. माझा राग कुठल्या क्षणी गेला ते नेमकं सांगता येणार नाही, पण टाळ्या वाजल्या तेव्हा तो उरला नव्हता.

आत्याला गुडघ्यांची आठवण झाली आणि ती रिक्षाने घरी गेली. तिचे गुडघे एरवी ठणठणीत असतात. आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या कॅफेत बसलो, खिडकीशी.

"आता ट्रायल संपल्या," तो म्हणाला. "आता मी कुठल्या कारणाने... म्हणजे—" त्याने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. "कारण नाहीये. तुम्ही मला आवडता. फार. झालं, सांगितलं."

"मला पण तुम्ही आवडता," मी म्हटलं. "पण परत माझ्या कामाशी खेळलात, तर कैची आता माझ्याकडे आहे."

तो हसला. वेटर गरम पाव आणि बटाट्यांची ताटली घेऊन आला. मीच मागवली होती.

त्याने ताटलीकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटावरच्या बटणाकडे.

"उद्या हा कोट बसणार नाही हं."

"मग परवा घाल," मी म्हटलं आणि पावाचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. मी त्याच्याशी एकेरीत बोलले हे त्याच्या लक्षात यायला एक घास लागला. तो चावायचाच थांबला.

"हळू खा," मी म्हटलं. "मी कुठे जात नाहीये."