अळम्यांची जागा

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून पंचवीस वर्षे झाली, त्या वर्षीच्या आषाढातली ही गोष्ट. पेडण्याच्या बाजारात, मासळीच्या पाट्यांपलीकडे, सागाच्या पानांत बांधलेली रानची अळमी, म्हणजे अळंबी, घेऊन एक तरुण बसला होता. फोंड्याची योगिता पणजीच्या बसमधून उतरली, ती नेमकी त्याच्यासमोर.

"ही कुठली?"

"जमिनीतली."

"ते मलाही दिसतंय... कुठल्या जमिनीतली?"

"बाय, भाव विचार, हवं तर माझं नाव विचार. जागा तेवढी विचारू नको."

"बरं, नाव?"

"साईश," तो म्हणाला, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

योगिता पणजीच्या एका प्रयोगशाळेत काम करी. प्रत्येक जीवाच्या पेशीत विधात्याने जे सूत्र लिहून ठेवले आहे, त्यातला लहानसा तुकडा वाचून त्या जीवाची जात ओळखायची आणि देशाच्या जीवसृष्टीच्या नोंदीत ती लिहायची. डीएनए बारकोडिंग म्हणतात ते हेच. मात्र नोंदीत जातीसोबत जागाही लागते. आणि पेडण्याच्या मुलखात, जिथे वारुळालाच सातेरी देवी मानून कुंकू वाहतात, तिथे वारुळावरच्या अळम्यांची जागा परक्याला सांगण्याची रीत नाही.

"घरच्यांनाच सांगतात," साईशने तिला समजावले. "लेकीलाही सांगत नाय, ती परघरी जाते. सुनेला सांगतात."

बोलून गेल्यावर त्याला शब्दांचा अर्थ उमगला असावा. दोघांच्याही नजरा एकदम पानांच्या पुडीकडे वळल्या.

त्यानंतर दर सोमवारी योगिता पेडण्याला येऊ लागली. एक पुडी घ्यायची, एक अळमे पाकिटात घालायचे, पाकिटावर क्रमांक, तारीख... जागा कोरी. साईश चिडवी, "तुझ्या यंत्राला जात कळायला चार दिवस लागतात. माझ्या आईला वासावरून कळते." ती म्हणे, "मग आईलाच नोकरीला लावते."

चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी यंत्राने जात सांगितली, आणि योगिताने ती पुन्हा पुन्हा वाचली.

सोमवारचे अळमे विषारी होते. ते विष मोठे कपटी. खाणाऱ्याला आधी थोडी मळमळ होते, मग बरे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत आतून पोखरले जाते. सोमवारी निघताना साईश म्हणाला होता, "उरलेली आज आई शिजवणार. तुझ्या नावाने दोन घास जास्त खातो."

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

जपून ठेवलेली सगळी पाकिटे पिशवीत कोंबून ती बसमध्ये बसली. कोलवाळच्या पुलावर बस अडली, तेव्हा खालचे तांबडे पाणी पाहवेना. तिने डोळे मिटले, तर दोन घास जास्त खाणारा तो दिसू लागला. सोमवार, मंगळवार, बुधवार... बोटे पुन्हा पुन्हा मोजत होती, आणि मोजणी दर वेळी चौथ्या दिवशीच येऊन थांबत होती. आपल्या नावाने घेतलेला घास! देवी सातेरी, एवढे एक माणूस राख.

बाजारात घर विचारत ती साईशच्या दारात पोहोचली, तेव्हा तो पायरीवर बसून सुपारी सोलत होता.

"गुरुवारी कशी गो तू? आणि रडतेस कित्याक?"

"तू... बरा आहेस?"

"आता जास्त बरा."

तिला हसू आले नाही. बरे वाटणे हेच तर त्या विषाचे लक्षण! तिने धापा टाकत सगळे सांगितले. त्याची आई सत्यवती ऐकत दारात आली, तशीच चौकटीला धरून उभी राहिली. "मीच शिजवली रे," एवढेच ती पुटपुटली.

साईशचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "ते अळमे दाखव."

योगिताने सोमवारची दोन पाकिटे काढली.

"दोन? मी तर एकच पुडी दिली."

"दुसरं मी उचललं... प्रयोगशाळेच्या हिरवळीवरून."

साईशने एक अळमे उचलले. देठाखाली वीतभर लांब, निमुळते मूळ. "हे आमचे. वारुळात खोल गेलेले." दुसऱ्याच्या बुडाशी नुसती गाठ होती, तिला काळी माती आणि हिरवळीची पाती चिकटली होती. "हे आमचे न्हय गो. आमच्याकडे सगळी तांबडी माती. विषारी कुठले?"

तिने क्रमांक पाहिला. गाठीचेच!

साईशच्या पाकिटावर जागा कोरी ठेवण्याची हाताला सवय जडली होती. त्या नादात हिरवळीचे पाकीटही कोरे राहिले, आणि प्रयोगशाळेत तेच साईशचे ठरले. ती मटकन पायरीवर बसली.

"तुझी पणजीच विषारी गो!" सत्यवती डोळे पुसत म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

साईश हसला नाही. "मी जागा सांगितली असती, तर तुला ही भीती भोगावी लागली नसती." तो उठला. "चल. दाखवतो."

"ती तर... घरच्यांनाच..."

"म्हणूनच."

"साईश, नीट विचार कर. मग मला परकी करता येणार नाही."

"तू येणार?"

उत्तरादाखल तिने चपला काढून पायरीपाशी ठेवल्या. सातेरीच्या वारुळाकडे पायांत काही घालून जात नाहीत, हे तिला न सांगता कळले होते. ओल्या पायवाटेवर पुढे तो, मागे ती. आणि निसरडे आले तेव्हा त्याने मागे न बघता हात पुढे केला. तिने तो धरला.

शुक्रवारी प्रयोगशाळेत तिने चुकलेल्या नोंदी दुरुस्त केल्या. हिरवळीच्या पाकिटावर प्रयोगशाळेचा पत्ता लिहिला. साईशच्या पाकिटाशी येऊन लेखणी थांबली.

"आता तरी जागा समजली का?" तिच्या प्रमुख वत्सलाबाईंनी विचारले.

"समजली." योगिताने 'पेडणे तालुका' एवढेच लिहिले आणि पाकीट मिटले. "पण बाई, आता मला सांगता येणार नाही."