नसलेल्या डिस्कची चोरी

“मेलेलं माणूस डोळा मारतंय का गं?” ईश्वरीने विचारलं.

“कावून?” जिनतने हातातला झाडू थांबवला.

“मग हे बघ!” ईश्वरीने कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबलं. कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

“पण पडदा तर काळाच हाय,” रवि म्हणाला.

“पडदा राहू दे! हा दिवा कीबोर्ड आपल्या मनानं लावत न्हाई. कॉम्प्युटरनं आतून सांगितलं तरच लागतो. म्हंजे आत कुणीतरी जागं हाय!”

जिनतने झाडू टाकून दिला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेची कॉम्प्युटर-खोली झाडायचं काम या तिघांनी आपण होऊन मागितलं होतं. हेडसरांना तिथेच शंका यायला हवी होती.

तेलगावच्या शाळेला हा कॉम्प्युटर बद्रीनाथ नावाच्या जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून पाठवला होता. स्वतःच्या हाताने जोडलेला, फरसाणाच्या डब्याएवढा! शाळा समितीचे अध्यक्ष आप्पाराव यांच्या हस्ते नारळ फुटला, पेटीला कुंकू लागलं, बटण दाबलं गेलं, टाळ्या झाल्या आणि पडदा काळाच राहिला. मग झाकण उघडून पाहण्यात आलं. आत डिस्क नाही! नाही म्हणजे चोरीला गेली. आणि आदल्या दिवशी खोलीत वायरिंग करायला एकटं कोण होतं? रेडिओ दुरुस्त करणारे गुफरान, म्हणजे जिनतचे मामू. झालं, चोर सापडला!

बद्रीनाथला विचारून पाहावं, असं कुणालाच वाटलं नाही. गावात मोबाईल एकट्या आप्पारावांकडे होता; पण पाठवलेली भेट सांभाळता आली नाही हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. त्या मानाने दुसऱ्यावर आळ घेणं सोपं. त्या दिवसापासून मामूंच्या दुकानात कुणी साधा ट्रान्झिस्टर घेऊन फिरकलं नव्हतं. आणि उद्या सकाळी आप्पाराव त्यांना पोलीस चौकीवर नेणार होते.

“झाकण काढ,” जिनत म्हणाली.

रविने स्क्रू काढले. तिघांची डोकी पेटीवर एकमेकांना आपटली.

“डिस्क कशी बसवतात?” जिनतने विचारलं. ईश्वरीचा दादा औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता आणि त्याची कॉम्प्युटरची मासिकं ती त्याच्याआधी वाचून काढायची.

“तिला खोबण लागते, चार स्क्रू लागतात, रुंद पट्टीसारखी वायर लागते...” ईश्वरी बोलता बोलता थांबली. “इथं खोबणच न्हाई! वायर खुपसायला जागासुद्धा न्हाई!”

“चोरानं जागा पण नेली आसंल,” रवि गंभीरपणे म्हणाला.

“गप बे!” ईश्वरीचे डोळे चमकले. “मी वाचलंय! नेहमीच्या कॉम्प्युटरात एक चिप असते. ती म्हंजे दारातला पहारेकरी. तो उठतो, दिवाबत्ती करतो आणि आत डिस्कवर झोपलेल्या मालकाला हाक मारतो. पण काही करामती लोक पहारेकऱ्याला काढून टाकतात आणि मालकालाच चिपमध्ये बसवतात! म्हंजे सगळं यंत्र चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा गाभाच तिथं! मग डिस्क कशाला पाहिजे?”

“अगं, मग मालक बोलत कावून न्हाई?”

“बोलत असंल. पडद्याशी बोलायचं बद्रीनाथदादानं शिकवलं नसंल. दुसरीकडं कुठंतरी बोलत असंल!”

रविने पेटी फिरवली आणि जोरात ओरडला, “ही नऊ टाचण्यांची खाच! अशीच आमच्या काट्याला हाय!”

रविचे वडील केदारनाथ यांचा रस्त्यालगत वजनकाटा होता. कापसाचे ट्रॅक्टर त्यावर चढत आणि वजन एका तारेतून खोलीतल्या कॉम्प्युटरवर येई. शाळेत वीज कधीही जायची, काट्यावर मात्र जनरेटर होता. पेटी बारदानात गुंडाळून तिघं मागच्या भिंतीवरून उतरली. इतके दिवस चोरी झाली नव्हती. ती आता होत होती.

केदारनाथकाका जेवायला गेले होते. रविने तारेचं काट्याकडचं टोक उपटून पेटीला लावलं. खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही म्हणजे काही आलं नाही!

बाहेरून ट्रॅक्टरवाला ओरडला, “ए पोरा, वजन कर की!”

“काटा विश्रांती घेतोय, काका!”

जिनतने तारेचं टोक उघडलं. मामूंच्या दुकानात तिचं अर्धं बालपण गेलं होतं. “ही पाठवायची तार, ही ऐकायची. दोन्ही पेट्या एकमेकींच्या तोंडाशी तोंड लावून बोलायल्यात. कान कुणाचाच न्हाई!”

“आपल्या शाळा समितीसारखं,” ईश्वरी म्हणाली.

काट्याच्या दुरुस्तीची, कथिलाने तारा जोडायची कैय्या तिथेच होती. जिनतने ती तापवली, दोन तारांची अदलाबदल केली आणि जपून डाग दिला.

“डाग लावणं आप्पासाहेबांचं काम,” रवि म्हणाला, “आन् डाग देणं जिनतचं!”

पुन्हा बटण! आणि पडद्यावर धो धो अक्षरं आली; पण कसली? चौकोन, आकडे, उलटेसुलटे कंस!

“बोललं!” रवि नाचायला लागला.

“बोललं, पण लई घाईत बोलतंय,” ईश्वरी म्हणाली. “इथला कॉम्प्युटर काट्याच्या सवयीनं सावकाश ऐकतोय. ह्याचा वेग वाढव!”

रवि एकेक वेग लावत गेला. कचरा, कचरा, पुन्हा कचरा... आणि एकदम स्वच्छ ओळी धावायला लागल्या! पहिल्याच ओळीत इंग्रजी अक्षरांत ‘लिनक्स’. मग मेमरी सापडली, कीबोर्ड सापडला, एकेक गोष्ट ते यंत्र शहाण्या पोरासारखं मोजून सांगत होतं. एक जांभई पुरी व्हायच्या आत ते हुकमाची वाट पाहत थांबलंसुद्धा! नखाएवढ्या चिपमधून सगळा कारभार!

“काय डोकं हाय बद्रीनाथदादाचं!” जिनत पुटपुटली.

“काय चाललंय इथं?” दारात आप्पाराव उभे होते. मागे हेडसर आणि मान खाली घातलेले मामू. चौकीवर उद्या जायचं ठरलं होतं. पण पेटीच नाहीशी झाल्यावर आप्पारावांना आजच उत्साह आला होता, आणि बंद काट्यावरची ओरड त्यांना इथे घेऊन आली होती. “वा! मामानं डिस्क नेली, भाचीनं पेटी!”

ट्रॅक्टरवाले खिडकीशी जमले. जिनत पेटीच्या पुढे येऊन उभी राहिली.

“आप्पासाहेब, डिस्क तुमी पाहिलती?”

“ह्या डोळ्यांनी! उद्घाटनाच्या आधी.”

“कशी होती?”

“गोल. चकचकीत. मधी भोक.”

ईश्वरीला खोकल्याची उबळ आली. “ती गाण्याची सीडी असते, आप्पासाहेब. ही डिस्क लोखंडी डबीत बंद असते. तिचा गोल भाग कुणालाच दिसत न्हाई.”

खिडकीत हशा पिकला. जिनतने उघडी पेटी सगळ्यांसमोर धरली. “हेडसर, ह्यात डिस्क बसवायची जागा दाखवा.”

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “जागाच नाही,” ते हळूच म्हणाले.

“आन् आता बघा!” तिने पेटीचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू केला. पेटी उघडीच होती, आणि ओळी धावल्या! ईश्वरीने तारीख विचारली. यंत्राने काहीतरी जुनीपुराणी तारीख सांगितली.

“तारीख तर चुकली!” आप्पाराव विजयाने म्हणाले.

“त्याला कुणी सांगितलीच न्हाई. सांगितल्याबिगर ते अंदाजानं बोलतंय,” जिनत म्हणाली. “मग डिस्क चोरली कुणी, आप्पासाहेब?”

आप्पारावांनी छताकडे पाहिलं. छताने मदत केली नाही. “कुणीच न्हाई.”

“मामूंकडं बघून म्हणा.”

“जिनत!” मामू दचकले.

पण आप्पाराव वळले. “गुफरानभाई, डिस्क नव्हतीच. मी उगाच तुमचं नाव घेतलं. चुकलं माझं.”

मामूंनी नुसती मान हलवली, पण आता ती खाली नव्हती. एक ट्रॅक्टरवाला खिडकीतून म्हणाला, “मामू, माझा रेडिओ खरखरतोय. सांच्याला आणू का?”

“शाबास, पोरांनो!” हेडसर म्हणाले. “सुट्टी संपली की हे यंत्र साऱ्या शाळेला तुम्हीच शिकवायचं. मला सगळ्यात आधी!”

मामू पेटीजवळ आले. इतके दिवस जिच्यापायी बदनामी झाली, ती त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिली. “बेटा, परत एकदा चालू कर. डिस्कबिगर ह्याला जमतंय कसं, बघू तर दे.”

जिनतने बटण दाबलं. सगळ्यांची डोकी पडद्यावर वाकली.

“अहो, जरा सरका की,” मागून आप्पाराव म्हणाले, “मलाबी दिसू द्या!”