थंडीचं निमित्त

"सोनं! ओ माय गॉड, सोनं सापडलं!"

पर्णिका एवढ्या जोरात ओरडली, की डोंगरकपारीतली कबुतरं भर्रकन उडाली.

जानेवारीतला रविवार होता. फुजैराकडच्या डोंगरातली ती वादी, म्हणजे वर्षभर कोरडी पडून असलेली दगडगोट्यांची नदी, आठवड्यापूर्वीच्या पावसाने गुडघाभर वाहत होती. दुबईतल्या वीस-पंचवीस हौशी मराठी मंडळींना परातीत वाळू घोळून सोनं शोधायची हुक्की आली होती. सोनं कुणालाच मिळत नव्हतं. सर्दी मात्र सगळ्यांना मिळणार होती. पाणी इतकं गार, की बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची, तेही कळू नये.

"परातीवर सावली धरा," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. तिशीतला, सावळा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक तरुण उभा होता.

"का?"

"उन्हात काय, काचही चमकते. सावलीतही चमकलं, तर सोनं."

तिने तळहात आडवा धरला. चमक विझली.

"अभ्रक आहे, मॅडम," तो हसू दाबत म्हणाला.

"तुम्ही ना... लोकांचा संडे खराब करता."

"पुढच्या रविवारी भरपाई करीन. याल ना?"

पुढच्या रविवारी ती सर्वांत आधी पोहोचली, यातच काय ते आलं.

त्याचं नाव उपेंद्र. अबूधाबीजवळच्या मुसफ्फात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये वेल्डर. मूळचा सांगलीकडच्या झारेकऱ्याच्या घरातला. सोनारपेठेतल्या दुकानांपुढची माती झाडून न्यायची, धुवायची आणि तिच्यातून सोन्याचा कण काढायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. आणि पर्णिका कोण? तर दुबईच्या देऱ्यात सोनं गाळायची भट्टी चालवणाऱ्या विट्याच्या अण्णासाहेबांची एकुलती एक लेक!

"भट्टीवाल्याच्या मुलीला अभ्रक ओळखू येत नाही?" उपेंद्रने तिला पुरतं छळलं.

"आमच्याकडे सोनं विटेसारखं येतं, मिस्टर. वाळूतून नाही."

तिसऱ्या रविवारपर्यंत बाकीच्यांची हौस फिटली. नदीवर उरले दोघंच. तो परात घोळवायचा — गोल, हलकेच, वाळू काठावरून सांडत — आणि ती दगडावर बसून त्याच्याकडे बघायची. सोन्याकडे बघतेय असं दाखवत. त्याचे हात थरथरायचे.

"किती काकडलायस तू!"

"थंडी आहे ना..." तो हात चटकन काखेत दडवायचा.

मग ती थर्मासमधला चहा अर्धाच कप ओतून द्यायची, सांडू नये म्हणून. स्वतःचे लोकरी हातमोजे तिने त्याच्या हातात चढवले, तेव्हा मनगटाशी तिची बोटं जराशी जास्तच रेंगाळली. दोघांनीही ते ओळखलं आणि दोघंही समोरच्या डोंगराकडे बघत बसले.

फेब्रुवारीत एकदा खरंच सोनं सापडलं. मोहरीच्या चतकोराएवढा कण. उपेंद्रने तो बोटाच्या टोकावर उचलायला घेतला... निसटला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा निसटला, तेव्हा त्याचा चेहरा एकदम पडला. पर्णिकाने पुढे वाकून तो कण अलगद टिपला. त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता.

"माझ्या घरी येशील?" तिने विचारलं. "बाबांना भेटायला."

त्याने परातीतली वाळू पुन्हा घोळायला घेतली. "थंडी संपू दे," म्हणाला.

तिला वाटलं, लाजतोय. वेडी मुलगी!

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिने त्याला ओढूनच देऱ्याच्या घरी नेलं. बाहेर ऊन चटकत होतं. आई चहा ठेवून आत गेली. अण्णासाहेब खुशीत होते. आपल्याकडचा मुलगा, कष्टाळू, निर्व्यसनी. "घ्या, चहा घ्या," ते म्हणाले.

उपेंद्रने कपबशी उचलली. बशीवर कप खडखडू लागला. त्याने दुसऱ्या हाताचा आधार दिला, तर दोन्ही हात हलू लागले. चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला.

"नर्व्हस झालाय, बाबा," पर्णिका हसत म्हणाली.

अण्णासाहेब हसले नाहीत. ते त्या हातांकडे एकटक बघत होते.

"पारा किती वर्षं चोळलास?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मातीतला सोन्याचा कण पारा धरून ठेवतो. म्हणून झारेकरी तो मातीत हाताने चोळतात आणि मग विस्तवावर उडवतात. ती वाफ अंगात जाते. पर्णिकाला हे शाळेतल्या धड्यासारखं ठाऊक होतं. समोरच्या माणसाशी त्याचा काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"दहाव्या वर्षापासून," उपेंद्र म्हणाला. "चौदा वर्षं. हे हात दोन वर्षांपूर्वी सुरू झाले."

"आणि हिला सांगितलंस?"

उपेंद्रने कप खाली ठेवला. मग नमस्कार करून, तो ओला शर्ट तसाच अंगावर घेऊन निघून गेला.

"तू लहान असताना तुझा काका असाच गेला," दार लागल्यावर अण्णासाहेब म्हणाले. "आधी कप, मग चमचा, मग सदऱ्याची बटणं. साधनावहिनीने सहा वर्षं घास भरवला त्याला. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या पोरीच्या वाट्याला मी ते येऊ देणार नाही. खलास!"

पर्णिका रात्रंदिवस धुमसत राहिली. बाबांवर नाही, उपेंद्रवर. थंडी म्हणे! दोन महिने याने मला थंडी सांगितली आणि मी मोजे घालत बसले! तिने त्याला फोन लावले, त्याने उचलले नाहीत. दोन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी तिने विट्याला फोन लावला, आणि त्यानंतर तिचा राग कुठल्या कुठे गेला.

त्यानंतरच्या रविवारी ती गाडी काढून वादीवर गेली. पाणी पार आटून घोट्याएवढं राहिलं होतं. तो तिथे बसलेला होता. परात नव्हती. दोन्ही हात खिशात.

"खोटं का बोललास?"

"वर्कशॉपमध्ये हात लपवावे लागतात," तो म्हणाला. "मेसमध्ये जेवताना लपवावे लागतात. इथं... गार पाण्यात सगळ्यांचेच हात थरथरतात, पर्णिका. आठवड्यातनं एक दिवस मी चारचौघांसारखा असायचो. आणि मग तू भेटलीस."

तिला रडू आवरेना.

"वेल्डिंगच्या टेस्टमध्ये नापास झालोय," तो पुढे म्हणाला. "व्हिसा कॅन्सल. गुरुवारी फ्लाइट आहे. डॉक्टर म्हणतात, थांबेलही, वाढेलही. कुणी सांगू शकत नाही. अण्णासाहेब नाहीच म्हणणार, आणि त्यांचं बरोबर आहे. तू माझी वाट बघू नकोस."

"माझ्या काकालाही हेच झालं होतं. मी साधनाकाकूला फोन केला होता."

त्याने चमकून वर पाहिलं.

"म्हटलं, काकू, सहा वर्षं तू काकाला भरवलंस. त्रास झाला?" पर्णिकाने नाक पुसलं. "म्हणाली, झाला की. ताटं फेकायचा, शिव्या द्यायचा. एकदा तर मी माहेरी निघून गेलते."

"मग?"

"मग म्हटलं, पुन्हा तीच वेळ आली तर? तर काकू गप्पच झाली. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, 'सहाच वर्सं मिळाली गं बाई. लई कमी पडली.'"

वादीत कुठूनतरी एक बकरी ओरडली.

"वैतागशील तू," तो कसाबसा म्हणाला.

"वैतागीन. भांडीन. काकूसारखी माहेरीसुद्धा येईन. पण मला तू हवायस... माझं प्रेम आहे तुझ्यावर, मूर्खा! शुक्रवारी नोकरीचा राजीनामा दिलाय मी. महिनाभराची नोटीस. एप्रिल संपता संपता सांगलीला येते."

"आणि अण्णासाहेब?"

"बोलत नाहीयेत माझ्याशी." तिने एक खडा उचलून पाण्यात टाकला. "कदाचित बोलणारही नाहीत."

मग त्याने उजवा हात खिशातून काढला आणि न लपवता तिच्यापुढे धरला. तो थरथरत होता. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

धरल्यावरही तो थांबला नाही. तिने सोडला नाही.