फणसाची गिटार आणि दोन स्क्रू

तारा त्याच, लाकूड तेच, तारांचा सूर पकडणारा पिकअपही तोच. तरी काल खणखणीत वाजणारी गिटार आज घोंगडीत गुंडाळल्यासारखी का वाजते, हे कोडं केतकीला सुटेना. आणि चार वाजता तर शाळेचं संमेलन!

२०७१ सालच्या मुलीने गिटार हाताने बनवावी, हे कोयनेच्या खोऱ्यात कोणाला पटत नव्हतं. शाळेत हवेत बोटं हलवली की सूर देणारी यंत्रं होती. पण केतकीने वादळात पडलेल्या फणसाचं लाकूड तीन महिने तासलं होतं. कालच्या रंगीत तालमीत आवाज वाढवल्यावर गिटार अशी किंचाळली की संगीत शिकवणाऱ्या निकमसरांनी कान झाकले. "उद्या शिट्टी झाली, तर शाळेचं यंत्र वाजवायचं. हट्ट नको," ते म्हणाले.

तोवर पिकअप एका पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर, स्प्रिंगांवर टांगलेला होता. केतकीने पट्टी काढली आणि दोन स्क्रूंनी तो थेट लाकडात कसला. शिट्टी गेली, पण सूरही गेला.

"स्प्रिंगवर परत बसवू या," खुंटी म्हणाला. खुंटी म्हणजे घरातला यंत्रमानव.

"म्हणजे परत शिट्टी! मुळीच नाही. मी माझीच गिटार वाजवणार, आणि तीही नीट."

केतकीचे आजोबा, आबा, हे ऐकत होते. त्यांनी तीस वर्षं भूकंप मोजले होते, गिटारमधलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "आधी मला सांग, हा तुझा पिकअप करतो काय?"

"हे चुंबक. भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते. तीच पुढे आवाज होते."

"आणि चुंबकही तारेबरोबर तेवढंच हललं तर?"

केतकी थबकली. "मग... काहीच उमटणार नाही! दोघांमधलं अंतर बदलणारच नाही ना!"

"यालाच म्हणतात सापेक्ष गती (एका वस्तूच्या मानाने दुसरीची हालचाल). आमच्या भूकंपमापकात स्प्रिंगला वजन टांगलेलं असतं. जमीन हलते, वजन मागे राहतं, आणि दोघांतला फरक आम्ही मोजतो. तुझी पातळ पट्टी स्पीकरच्या आवाजाने हलते. तिच्यावरचा पिकअप हलतो, वीज उमटते, स्पीकर आणखी ओरडतो, पट्टी आणखी हलते..."

"आणि शिट्टी! लाकडात घट्ट कसला की हे चक्र तुटतं. पण मग सूर का गेला?"

"तू बदललंस काय काय?"

"फक्त जोडणी."

"नक्की? मोजून सांग, पोरी."

केतकीने मोजपट्टी लावून मोजलं आणि जीभ चावली. पिकअप तारांपासून दोन मिलिमीटर खाली गेला होता! चुंबक लांब गेलं की वीज कमी, आवाज मलूल. तिने एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि दोष जोडणीच्या माथी मारला होता. तिला स्वतःचाच राग आला. तिने दोन मिलिमीटर जाडीचा फणसाचा तुकडा तासला, पिकअपखाली घातला आणि स्क्रू पुन्हा कसले. गिटार खणखणली.

"आता उंची सारखी. मग जोडणीने सूर बदलतो का, तेही बघायचंच," केतकी म्हणाली. अडीच वाजले होते. खुंटीने नाणं उडवून कधी स्प्रिंग, कधी थेट अशी जोडणी केली आणि दर वेळी सारख्याच जोराने तार छेडली. आबा आणि केतकी भिंतीकडे तोंड करून कोणती जोडणी आहे ते ओळखत होते. दहापैकी आबांचे पाच बरोबर आले, केतकीचे आठ.

"मला कळतं!" तिने टाळी वाजवली.

"अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊ नकोस," आबा म्हणाले. " नशिबानेही कधीकधी आठ येतात. फरक असलाच तर बारीक आहे."

केतकी हिरमुसली, पण क्षणभरच. तिने थेट जोडणी ठेवली आणि शाळा गाठली.

मंचावर निकमसरांनी स्वतः आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली. सगळे शिट्टीची वाट पाहत होते. स्पीकरमधून नुसती मंद घरघर आली. मग केतकीने पहिली तार छेडली आणि तो भरघोस सूर मागच्या रांगेपर्यंत पोचला. एरवी टाळ्या वाजवण्यात कंजूष असलेले निकमसर उभे राहिले.

"म्हणजे थेट बसवलं की सूर चांगला होतो तर!" कार्यक्रमानंतर ते म्हणाले.

आनंदाच्या भरात 'हो' म्हणणं किती सोपं होतं! केतकीने नकारार्थी मान हलवली. "शिट्टी थांबली, एवढं नक्की, सर. सुराचं अजून ठरायचंय. उद्या शंभर वेळा ऐकणार आहे. भिंतीकडे तोंड करून. तुम्ही येता?"

"किती वाजता?" सरांनी विचारलं.