पश्चिमेची हरकत नाही

मापारी माणसाने घाई करू नये म्हणतात. वाशीमच्या बाजारात इंद्रभान मापारी वीस वर्षं ज्वारी मोजत होता, आणि या वीस वर्षांत त्याचं माप कधी मूठभरही चुकलं नव्हतं. डोळ्यांनी दिसतं आणि मापात बसतं तेवढंच खरं, हा त्याचा धर्म. पण त्या वर्षी माघात केनवडहून जावयाचा निरोप आला, की चतुराला आठवा लागला आहे आणि या खेपेला बाळंतपण माहेरी करा. तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीला टेकेनात.

चतुरा त्याची एकुलती एक लेक. तिची आधीची दोन्ही लेकरं सासरच्या अंधाऱ्या, धुराने कोंदलेल्या खोलीत जन्मली आणि रडण्याआधीच गेली. वाशीमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईने स्पष्ट सांगितलं होतं, पोरीला हवा पाहिजे, उजेड पाहिजे. इंद्रभानचं घर धाब्याचं, पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंतींचं, एकाच दाराने श्वास घेणारं. मग त्याने ठरवलं, मागे परसात खोली काढायची. मोठी खिडकीवाली. आणि तीही चतुरा यायच्या आत.

"घर पाहावं बांधून म्हणतात," त्याची बायको तुळसाबाई म्हणाली. "त्यात तुमाले मुनसिपाल्टीची परवानगी लागते. सरकारी काम अन् सहा महिने थांब. पोरीचं लेकरू रांगाले लागन तवा येईन तुमचा कागद."

"तू पाह्यत राह्य वं," इंद्रभान म्हणाला. त्याच दिवशी तो कचेरीबाहेरच्या निंबाखाली रऊफमियांच्या चटईवर जाऊन बसला.

रऊफमिया अर्ज लिहिणारे. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तिखट. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं, 'घरात एक माणूस वाढणार, सबब एक खोली व तिला पश्चिमेस खिडकी.' हे वाचून दाखवताच इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात एक माणूस वाढणार! सरकारी कागदावर लिहिलं म्हणजे जसं काही झालंच.

"आता चारी बाजूच्या शेजाऱ्यांचे अंगठे आणा, हरकत नाही म्हून," रऊफमिया म्हणाले. "अन् खिडकी पश्चिमेले पाह्यते, तर पश्चिमेचा अंगठा पक्का पाह्यजे. त्याच्याबिगर सायब कागदाले हात लावत नाही."

"पश्चिमेले कोन हाय रऊफभाई? धनीबाईची पडीक जागा."

"मंग वारस शोधा."

वारस कुठून शोधणार? बारा वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाच्या साथीत धनीबाईचं घर पाच दिवसांत संपलं होतं. आधी मुलगा गेला, मग नऊ महिने भरलेली सून, मग स्वतः धनीबाई. नंतरच्या पावसाळ्यांनी भिंती विरघळल्या. आता तिथे तरोटा माजलेला आणि मध्ये फक्त दाराचा दगडी उंबरा उरलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभान कागद आणि शाईची डबी घेऊन निघाला. पूर्वेच्या उकंडरावांनी चहा पाजून अंगठा दिला. उत्तरेच्या तय्यब पिंजाऱ्याने हातावरचा कापूस झटकून दिला. दक्षिणेच्या कस्तुराबाईने "पोरीले जपा" म्हणत दिला. तीन अंगठे! इंद्रभानचा आनंद पोटात मावेना. त्या आनंदातच तो तरोटा तुडवत पश्चिमेच्या उंबऱ्यापाशी गेला.

लग्नाची अक्षत द्यायला निघालं की गावातलं रिकामं घरही कुणी वगळत नाही. उंबऱ्यावर सुपारी ठेवायची, 'यावं' म्हणायचं आणि पुढे जायचं. कुणाला डावलल्याचा दोष नको. इंद्रभानने खिशातली सुपारी काढून दगडावर ठेवली. शेजारी कागद आणि उघडी डबी ठेवली.

"धनीमामी," तो हसत म्हणाला, "चतुरीसाठी खिडकी काढून राह्यलो. हरकत नाही ना?"

घरातून तुळसाबाईने हाक मारली, म्हणून तो जेवायला गेला. चार घास खाऊन परत आला तेव्हा कागदावर चौथा अंगठा होता. छोटासा, बाईमाणसाचा, नीट चौकटीत उमटलेला.

सुपारी तिथे नव्हती.

आता शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! कस्तुराबाईनेच चेष्टा केली असेल, असं त्याने मनाला सांगितलं आणि तीन वाजायच्या आत कागद कचेरीत दाखल करून आला. वीस वर्षांत त्याने पहिल्यांदा न मोजलेलं माप पोत्यात ओतलं.

आठच दिवसांत ओव्हरसियर पाहणीला आले. गुलाबसिंग, मूळचे बऱ्हाणपूरचे, वाशीमला येऊन महिनाही झाला नव्हता. पायांत बूट, हातात कापडी फीत, वागायला मोकळा माणूस. इंद्रभानने फितीचं एक टोक धरलं आणि साहेबांनी पूर्वेची भिंत मोजायला घेतली. "एक," ते म्हणाले.

"एक नाही म्हनत सायब आमच्यात," इंद्रभान उत्साहाने म्हणाला. "पयलं माप म्हंजे लाभ. लाभ, दोन, तीन."

साहेब हसले. मग पश्चिमेची बाजू मोजायला ते फीत घेऊन मागे गेले आणि इंद्रभान त्यांच्यासाठी पाणी आणायला घरात गेला. तांब्या घेऊन येतो तो साहेब फीत गुंडाळत होते.

"तुमच्या गावात सगळेच असं मोजतात काय?" ते म्हणाले. "त्या बाईही लाभच म्हणाल्या."

"कोन बाई?"

"शेजारच्या. फितीचं टोक धरलं ना त्यांनी. खिडकी मोठी ठेवा म्हणाल्या, पाळणा दिसला पाहिजे." तांब्या तोंडाला लावता लावता साहेब थांबले. "भले शेजारी आहेत तुमचे. नशीबवान आहात."

इंद्रभानने तरोट्याकडे पाहिलं. ऊन रखरखत होतं. तरोट्यात उंबऱ्यापासून त्याच्या भिंतीपर्यंत एक पायवाट पडली होती. आपणच तुडवली असेल त्या दिवशी, तो स्वतःशी म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी परवानगी हातात पडली, तेव्हा पायवाट, बाई, सगळं तो विसरला. मंजूर! खाली लाल शाईत एक अट होती, ती रऊफमियांनी वाचून दाखवली, 'पश्चिमेची खिडकी कधीही बुजवू नये.'

"बुजवतो कायले?" तो कागद नाचवत तुळसाबाईला म्हणाला. "तिच्यासाठीच तर बांधून राह्यलो!"

फाल्गुन संपायच्या आत खोली उभी राहिली. भिंती चुन्याने पांढऱ्या झाल्या, खिडकीला सागाची चौकट बसली. बैलगाडीतून उतरलेली चतुरा खोलीत आली, खिडकीशी उभी राहिली, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास घेतला. तिचा चेहरा बघून इंद्रभान बाहेर जाऊन डोळे पुसून आला.

एक दिवस सकाळी चतुरा म्हणाली, "आई, शोपा भाजून राह्यली का वं? लय खमंग वास येते."

तुळसाबाई सुपारी कातरत होती. बाळंतशोपा अजून बाजारातून आणल्याही नव्हत्या. वास खिडकीतून येत होता.

"कस्तुराबाई भाजत असन," इंद्रभान म्हणाला. कस्तुराबाईचं घर दक्षिणेला होतं, आणि वारा पश्चिमेचा होता. तुळसाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा सुपारी कातरू लागली.

चैत्रात, भर दुपारी बारा वाजता, चतुरा बाळंत झाली. मुलगी. आणि रडली! अशी रडली की तय्यबची कापूस पिंजायची तात थांबली आणि उकंडराव धोतर सावरत धावत आले. इंद्रभानने गल्लीभर साखर वाटली. येईल त्याला तो म्हणत होता, "लाभ झाला, लाभ!" आयुष्यात एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता, आणि पुढेही होणार नव्हता.

पाचवीला तुळसाबाईने रीतीप्रमाणे पाटावर हळद-कुंकू वाहिलं. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद, टाक आणि निळ्या शाईची दौत ठेवली. पाट खिडकीखालीच मांडला होता.

सकाळी दौत होती. टाक होता. कागद नव्हता.

"वाऱ्याने उडाला असन," तुळसाबाई म्हणाली.

अकराच्या सुमारास दाराशी मुनसिपाल्टीचा शिपाई आला. हसतमुख होता. आनंदाच्या घरी साखर मिळते, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मापारी, तुमच्या शेजाऱ्यानं अर्ज देल्ला. आज कचेरी उघडली तवा टेबलावरच होता. सायबानं लगेच मंजूर केला. तुमाले दाखवून आन म्हने."

"कोनता शेजारी?"

"पश्चिमेचा."

इंद्रभानने कागद घेतला. कोपऱ्यात हळदीचं बोट लागलेलं होतं, आणि त्यावर कुंकवाचा ठिपका. त्याला अक्षर येत नव्हतं.

"वाचून दाखव," तो म्हणाला.

शिपायाने वाचलं. "घरात एक माणूस वाढणार, सबब एक खोली व तिला पूर्वेस खिडकी."

"अन् पूर्वेचा शेजारी म्हंजे मी," इंद्रभान हळूच म्हणाला. "मी तर अंगठा देल्ला नाही."

"देल्ला ना घरच्यानं कोनी. हे काय."

चौकटीत निळा अंगठा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

इंद्रभान आत गेला. चतुराचा डोळा लागला होता. खिडकीतून उजेड पाळण्यात पडला होता, आणि लेकरू जागं होतं. रडत नव्हतं. मान पश्चिमेला वळवून हसत होतं.

त्याने तिची चिमुकली मूठ हातात घेतली. एक एक बोट सोडवलं.

अंगठ्यावरची शाई अजून ओली होती.