कळंबहून आणलेला सेट

वीज गेलीच आहे तर बसा. श्रेया, मोबाइल खाली ठेव. आणि "काका, हे खरं का?" असं मधेच विचारायचं नाही. बत्तीस वर्षं बातमीदारी केली, ऐकीव कधी छापलं नाही. हे रत्नदीपनं मला स्वतः सांगितलं, आणि मंचरला जाऊन मी आणखी दोघांना खोदून विचारलं.

रात्र मंगळवारची. २२ जुलै २०२५. अमावास्येला अजून दोन दिवस होते, तेव्हा तो मसाला घालू नका.

रत्नदीप डिंभ्याच्या पलीकडे, धरणाकाठच्या एका वाडीत राहतो. तिथं मोबाइलचा टॉवर उभा आहे. नुसता उभा. मी त्यावर चार बातम्या केल्या. उत्तर एकच, "प्रस्ताव वर गेलाय." टॉवरवर कावळे बसतात आणि माणसं रेंजसाठी टेकडी चढतात. रत्नदीपची आई जानकाबाई दम्याची. तिला धाप लागली की त्यानं काय, आधी टेकडी चढायची? म्हणून त्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. मंचरच्या सुनीलकडेही तसाच परवाना होता, आणि त्याचा सेट रात्रभर चालू असायचा. वाडीतून हाक गेली की सुनीलनं रुग्णवाहिकेला फोन करायचा, असं दोघांचं ठरलं.

नवा सेट आवाक्याबाहेरचा. जुना मिळाला तो कळंबच्या कुंडलिकरावांचा. ते वर्षापूर्वी वारले होते. सेट देताना त्यांची बायको, सारजाबाई, म्हणाली, "भाऊ, ह्याच्यात ऐकू येतं, पर आपलं बोलनं बाहेर जात न्हाई. मी लेकीकडं गेले व्हते. रातीला ह्यांना धाप लागली. सकाळी बघते तर माइक हातात तसाच. किती हाका मारल्या असतील... कुनाला गेल्याच न्हाईत."

रत्नदीपनं सेट उघडला. जळलेले ट्रान्झिस्टर बदलले, सोल्डरचे तुटलेले टाके पुन्हा मारले. महिन्याभरानं सुनील म्हणाला, "लई खणखणीत येतोयस, राव!"

आणि तिथून खरी कटकट सुरू झाली. माइकचं बटण दाबून बोलायचं, सोडलं की ऐकायचं; पण बटण सोडलं तरी सेट ऐकायला परत येईना. बोलण्याचा लाल दिवा लागलेलाच. रत्नदीपनं बोलणं-ऐकणं पालटणारा रिले बदलला. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माइकचं सॉकेट बदललं. तेच. शेवटी सेटच्या सर्किटच्या नकाशात नसलेला एक स्विच मागच्या बाजूला भोक पाडून बसवला. तरी तेच. त्यानं पक्कड भिंतीवर फेकून मारली. बायको यशोधरा म्हणाली, "माझ्याशी येवढं बोलला असता, तर संसार सुधारला असता."

"तू तरी बटन सोडल्यावर गप बसतीस का?"

हसा. ते दोघंही हसले होते.

त्या मंगळवारी पाऊस नव्हता. साडेबाराला जानकाबाई उठून बसल्या. तोंड उघडं, हवा आत जाईना. ओठ निळे पडत चाललेले. रत्नदीपनं माइक उचलला. वाडीचं नाव सांगितलं. आईचं सांगितलं. दोनदा, तीनदा. मग उत्तर ऐकायला बटण सोडलं.

लाल दिवा तसाच.

स्विच पाडला. दिवा तसाच. माइक उपटून काढला. तरी तसाच.

त्या सेटवर एक काटा असतो. माणूस बोलला की आवाजाबरोबर हलतो. गप्प राहिला की पडतो.

खोलीत कुणी बोलत नव्हतं.

काटा हलत होता.

थोडा वर... खाली. थोडा वर... खाली. मधे थांबत होता. पुन्हा... जोर करून... वर.

यशोधरा म्हणाली, "अहो... आईंचा श्वास तर असा चालत न्हाई."

मग काटा पडला.

रत्नदीपनं शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये आईला घातलं. डिंभे, घोडेगाव, मंचर. समोरून रुग्णवाहिका येईल म्हणून तो सगळा रस्ता बघत राहिला. आली नाही. जानकाबाईंनी घोडेगावच्या पुढं मान टाकली.

दवाखान्याच्या दारात सुनील उभा होता. रत्नदीपनं त्याची कॉलर धरली. "गाडी कुठंय? वाडीचं नाव तीनदा सांगितलं व्हतं मी!"

"तुझा आवाजच आला न्हाई, रत्न्या. म्हाताऱ्या मानसाचा आला. धापा टाकत व्हता. 'कळंब... कुंडलिक... लवकर या...' एवढंच, परत परत. मी गाडी कळंबला धाडली."

रत्नदीपच्या हातून कॉलर सुटली.

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हर चिडलेला. "कुनी मस्करी केली, राव? पेशंटच न्हाई. दार म्हातारीनं उघडलं. नाव घेतलं तर रडाया लागली. रिकामी गाडी घेऊन आलो." असं म्हणत त्यानं मागचं दार उघडलं.

स्ट्रेचरचे पट्टे बांधलेले. चादरीला सुरकुती नाही. फक्त ऑक्सिजनचा मास्क हुकावर नव्हता... उशीवर होता.

मास्कला आतून वाफ धरली होती. रत्नदीप बघत असताना ती विरली.

आणि पुन्हा धरली.